कार्बन बदलून देणारं गाव

हावड्यात राहणाऱ्या माणसाला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. बेलिलियस रोडवर ओळीने लेथची दुकानं, बेलूर-लिलुआकडे फाउंड्र्या, घुसुडीला ताग गिरण्या, आणि वर गंगेवरून येणारा दमट वारा. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या गजावर संध्याकाळी बोट फिरवलं की ते काळं होतं. इंग्रजांच्या काळात ह्या गावाला पूर्वेचं शेफील्ड म्हणत. गिरण्या आणि कारखाने पुष्कळसे थंडावले, पण धूळ गेली नाही. केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तिच्यात हावड्याचं नाव आहे.

आम्ही कदमतल्याला राहायचो. बाबा मूळ नागपूरचे. दक्षिण-पूर्व रेल्वेच्या टिकियापाडा कारशेडमध्ये लोकल गाड्यांच्या मोटरी दुरुस्त करणं हे त्यांचं काम. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या दिवसांपासून त्या एका रुळावरून कितीतरी मराठी घरं इकडे आली आणि इथलीच झाली. गणेशोत्सवात कोलकात्याच्या हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सगळे भेटायचे. तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बायकांच्या बोलण्यात एक नवा विषय आला: "तुमच्याकडे तो युरोक्लीनवाला येऊन गेला का?"

युरोक्लीन हा व्हॅक्यूम क्लीनर विकणारी युरेका फोर्ब्स ही कंपनी 1982 साली निघाली, तेव्हा टाटा समूहात असलेली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स ह्यांच्या भागीदारीतून. दुकानात माल मांडून गिऱ्हाइकाची वाट बघायची नाही, थेट दाराची बेल वाजवायची, ही तिची रीत. आमच्या गल्लीत टाय लावून येणारी माणसं दोनच प्रकारची: विम्याचे एजंट आणि हे. त्या मुलाने चपला बाहेर काढल्या, लाल सिमेंटच्या जमिनीवर उकिडवा बसला आणि आईला म्हणाला, "माशीमा, सबचेये परिष्कार तोशकटा देखान तो." म्हणजे, सगळ्यात स्वच्छ गादी दाखवा. आईने अभिमानाने पाहुण्यांसाठी ठेवलेली गादी दाखवली. त्याने नळीच्या तोंडात पांढरं फडकं बसवलं, गादीवरून एक हात फिरवला, यंत्र बंद केलं आणि फडकं आईपुढे धरलं. त्यावर रुपयाएवढा करडा, मऊ, जाड थर होता. आई काही बोलली नाही. यंत्र हप्त्यावर त्याच आठवड्यात घरी आलं.

ह्या पांढऱ्या फडक्याची वंशावळ मला पुढे कळली. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एक अमेरिकन यंत्र पाहिलं. ते दाबाची हवा सोडून धूळ उडवायचं. धूळ उडायची आणि पुन्हा तिथेच बसायची. बूथ हा पूल आणि मोठमोठे आकाशपाळणे उभारणारा माणूस. त्याच्या मनात आलं की फुंकण्याऐवजी ओढून घेतलं तर? एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल टाकला, तोंड लावून हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं. ते रस्त्यावर उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्याने साफ केले. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स स्पँगलरला धुळीमुळे दम लागायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हातात मावणारं यंत्र जुळवलं. 1908 साली त्याला पेटंट मिळालं. ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं आणि हूवर हे नाव जगभर गेलं. हातात मावणाऱ्या ह्या यंत्राची सुरुवात एका दमेकऱ्याच्या गरजेतून झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे वाचताना ती लक्षात ठेवावी.

बाबांना बूथ माहीत नव्हता, पण त्याचा मुद्दा त्यांना कारशेडने शिकवला होता. तिथे मोटरींवरची धूळ दाबाच्या हवेने उडवत. बाबा म्हणायचे, "फुंकलं की धूळ फक्त जागा बदलते. एकाच्या मोटरीतून निघते आणि दुसऱ्याच्या छातीत जाते." म्हणून ओढून घेणारं यंत्र घरात आलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. यंत्राच्या मागच्या तोंडाला नळी लावली की ते फुंकायचंही. ती सोय त्यांनी घरात कधी वापरू दिली नाही.

दर रविवारी सकाळी ते माळ्यावरून खाली यायचं. सकाळी अशासाठी की संध्याकाळी वीज टिकेल याची खात्री नसायची. त्या काळचं बंगालमधलं लोडशेडिंग ज्यांनी भोगलं, त्यांना जास्त सांगायला नको. वीज असली तरी व्होल्टेज खाली-वर व्हायचं आणि मोटरचा सूर त्याबरोबर चढायचा-उतरायचा. बाबा पेपर वाचता वाचता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "आता एकशेऐंशीवर आलंय." गाद्या, मच्छरदाणीच्या घड्या, पंख्याची पाती, पुस्तकांचं कपाट, हार्मोनियम ठेवायची जागा, अशी क्रमाने सफाई व्हायची. महालयेच्या आधी शेजारच्या बौदी आमचं यंत्र मागून न्यायच्या आणि आमच्या दसऱ्याच्या साफसफाईला ते परत यायचं.

शेवटी पिशवी झाडायचा कार्यक्रम असे. कापडाची पिशवी गच्चीवर नेऊन जुन्या आनंदबाजारवर उलटी करायची. करड्या लोकरीसारखा गोळा पडायचा. त्यात तागाचे बारीक सोनेरी धागे दिसायचे, केस, मुंग्यांचे पंख, तांदळाचा कोंडा. मग बाबा खिशातून लोहचुंबक काढायचे आणि कागदाखालून फिरवायचे. करड्या ढिगातून काळे कण उभे राहायचे आणि चुंबकामागे रांगेने सरकायचे. ते लोखंड होतं, बेलिलियस रोडवरच्या लेथांवरून आणि फाउंड्र्यांतून उडालेलं. "हे आपण रोज श्वासातून आत घेतो," ते म्हणायचे. हावड्याच्या हवेवर मी नंतर कितीही अहवाल वाचले असतील, पण वर्तमानपत्रावरच्या त्या काळ्या रांगेइतकं मला कोणी काही पटवलं नाही.

आता त्या यंत्राच्या आयुष्याबद्दल. त्याच्या पोटात जी मोटर होती तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. फिरणाऱ्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेकलेले कार्बनचे दोन तुकडे, त्यांच्यातून वीज आत जाते. लोकल गाडीला ओढणाऱ्या तेव्हाच्या मोटरींचं तत्त्व हेच होतं, फक्त त्यांचा कार्बन पुष्कळ मोठा. कार्बन घासत जातो, आखूड होतो, ठिणग्या पडायला लागतात, आवाज खरखरीत होतो. हा यंत्राचा दोष नव्हे. कार्बन घासावा आणि तांबं वाचावं, अशीच ती रचना आहे. झिजणारा भाग स्वस्त ठेवायचा आणि तो बाहेरून बदलता येईल असा बसवायचा, ह्या एका विचारावर जुनं यंत्र उभं होतं.

बाबांना ते घरी करता आलं असतं, पण ते कदमतल्याच्या एका मिस्त्रीदांकडे जायचे, कारण हत्यारं त्यांच्याकडे होती आणि गप्पाही. मी बरोबर जायचे. दुकान म्हणजे दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी जागा, अर्धी जळक्या वाइंडिंगच्या मोटरींनी भरलेली. वॉर्निशचा वास. मिस्त्रीदा चार स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवायचे आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने काडेपेटीच्या झाकणात मांडायचे. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधून आणलेले कार्बन थोडे मोठे असले तर कानशीवर घासून मापात आणायचे. मग आर्मेचर हातात धरून कम्युटेटरवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचे. एमरी कधीच नाही, कारण तिचे कण तांब्यात रुतून बसतात आणि नवा कार्बन खातात. तांब्याच्या दोन पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला असला तर हॅकसॉच्या मोडक्या पात्याने तो अलगद खरवडायचे. जोडणी झाली की यंत्र चालू करून तसंच ठेवायचे. सुरुवातीला निळसर ठिणग्या दिसायच्या. मी घाबरले की म्हणायचे, "दाँडाओ मा, बोश्ते दाओ." थांब, बसू दे. नव्या कार्बनला कम्युटेटरच्या गोलाईशी जुळायला थोडा वेळ लागतो. हळूहळू ठिणग्या बारीक व्हायच्या, सूर स्थिर व्हायचा, आणि मिस्त्रीदा बटण बंद करायचे.

नळीची जोडणी एकदा निखळली, तेव्हा बेलिलियस रोडवर नायलॉनच्या रॉडमधून नवी कातून मिळाली. चाकं झिजली, ती तशीच झाली. वायर कडक झाली, बदलली. "नमुना द्या, तसंच करून देतो" हे त्या रस्त्यावरचं रोजचं वाक्य. जुनी यंत्रं टिकाऊ होती असं आपण म्हणतो तेव्हा अर्धं श्रेय त्या गल्ल्यांना द्यायला हवं. जाड प्लास्टिक आणि तांब्याची मोटर हा कारखान्याचा वाटा. उरलेलं आयुष्य लेथवाल्यांनी, वाइंडिंगवाल्यांनी आणि चांदनीतल्या सुट्या भागांच्या दुकानदारांनी दिलं.

आता मी फोरशोअर रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहते आणि घरात दोन नवी यंत्रं आहेत. जुन्याबद्दल एवढं लिहिल्यावर नव्यांना उणं लेखणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. जुन्या यंत्राचं सगळ्यात मोठं उणेपण त्याची कापडी पिशवी. मोठी धूळ ती अडवायची, पण सगळ्यात बारीक धूळ, जी फुफ्फुसात खोल जाते ती, मागच्या तोंडातून पुन्हा खोलीत यायची. ऊन खोलीत आलं की ती तरंगताना दिसायची. नव्या चांगल्या यंत्रांत हेपा फिल्टर असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबाँबचं काम चालू असताना किरणोत्सारी कण अडवायला हा प्रकार तयार झाला. अमेरिकन मापाने खरा हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. आईला वयापरत्वे दम्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा हा फरक मला आकड्यांतून समजून घ्यावा लागला नाही, तिच्या रात्रीच्या झोपेवरून कळला. मात्र फिल्टर चांगला असून पुरत नाही. झाकणाचं रबर नीट बसत नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून फटीतून बाहेर पडते. यंत्र चालू असताना सांध्यांवरून ओला हात फिरवून बघावं. गार झुळूक लागली तर तो हेपा नावापुरता.

दुसरी गोष्ट वजनाची. जुनं यंत्र माळ्यावरून उतरवायला घरात पुरुषमाणूस लागायचा. नवं, दांड्यासारखं, बिनतारेचं यंत्र आई एका हाताने उचलते. रोज दहा मिनिटं वापरलेलं हलकं यंत्र महिन्यातून एकदा काढलेल्या भारी यंत्रापेक्षा जास्त काम करतं. अशा चांगल्या बिनतारेच्या यंत्रांच्या मोटरींत कार्बन नाही. लोकल गाड्यांतही आता तसंच झालंय, नव्या गाड्यांत थ्री-फेज मोटरी आल्या आणि कारशेडमधलं कार्बन बदलायचं काम संपत चाललंय. बिनकार्बनची मोटर मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकते आणि वर्षानुवर्षं टिकते. बाबांनी ती पाहिली असती तर हातातून खाली ठेवली नसती.

पण झिजणारा भाग गेलेला नाही. तो मोटरीतून निघून बॅटरीत जाऊन बसला आहे. लिथियमची बॅटरी वापरा किंवा नका वापरू, वयाने थकतेच. माझं पहिलं बिनतारेचं यंत्र काही वर्षांत अर्धी खोली होण्याआधीच बंद पडायला लागलं. मोटर ठणठणीत, फिल्टर धुतलेला, नळी अखंड. कंपनीच्या सेवा केंद्रात उत्तर मिळालं: ह्या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, बदल्यात नवीन यंत्र सवलतीत घ्या. मी ते कदमतल्याला घेऊन गेले. मिस्त्रीदा आता नाहीत, दुकान त्यांचा मुलगा चालवतो. त्याने बॅटरीचा डबा फिरवून फिरवून पाहिला. स्क्रू नव्हते, सगळं डिंकाने आणि खाचांनी बंद केलेलं. आतले सेल तो बदलू शकला असता, पण सेलच्या जोडीला एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि तिने नवे सेल स्वीकारले नाहीत तर सगळंच जायचं. "दीदी, एटा खोलार जोन्नो बानाय नी," तो म्हणाला; हे उघडण्यासाठी बनवलेलंच नाही. तक्रार म्हणून नाही, अंदाज सांगावा तसं म्हणाला. ज्या गावात आगबोटीचा पंप आणि गिरणीचा मागही कातून मिळायचा, तिथे बाजारातल्या घरगुती यंत्राची बॅटरी बदलता येऊ नये, ह्याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. हे तंत्राचं बंधन नाही. डिंकाच्या जागी चार स्क्रू घालायचे की नाही, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं.

युरोपात यंत्राने किती टिकावं हा विचार कायद्यात आला. तिथल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नियमांत 2014 पासून वॉटची मर्यादा 1600 झाली आणि 2017 पासून 900. जास्त वॉट म्हणजे जास्त सफाई, हा समज त्या नियमांनी मोडला, कारण वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं. किती धूळ उचलतं हे हवेच्या झोतावर आणि तोंडाच्या घडणीवर ठरतं. त्याच नियमांत मोटर किमान 500 तास चालली पाहिजे आणि नळी 40,000 वेळा वाकवली तरी टिकली पाहिजे असंही लिहिलं. आठवड्याला एक तास धरला तर 500 तास म्हणजे साडेनऊ वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं, ही सुरुवात चांगली आहे. पण दुकानातल्या खोक्यांवर अजून वॉटच मोठ्या अक्षरांत असतात. सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे कुठल्याही बाजूला लिहिलेलं नसतं.

जेम्स डायसनने 5,127 नमुने करून बिनपिशवीचं यंत्र साधलं आणि 1993 साली ते स्वतःच्या नावाने बाजारात आणलं. धूळ गोल फिरवून डब्यात पाडायची ती कल्पना खरोखर सुंदर आहे, आणि पिशवी भरली की ओढ कमी होते ही जुनी अडचण तिने सोडवली. तरी दमेकऱ्याच्या घरात मी पिशवीचंच यंत्र सांगेन. डबा उघडून उलटा केला की धुळीचा लोट तोंडावर येतो. कागदी पिशवी तोंड बंद करून तशीच टाकता येते. जमिनीवर आपोआप फिरणारी यंत्रं आमच्या इमारतीत बऱ्याच घरांत आहेत. सपाट टाइल आणि उंच पलंग असेल तर ती पलंगाखालून छान फिरून येतात. कदमतल्याच्या जुन्या घरात उंबरठे आणि खोल्यांच्या वेगवेगळ्या पातळ्या, तिथे त्यांचं काही चालायचं नाही. आणि ज्यांच्या घरी गालिचा नाही, जाड गाद्या-सोफे नाहीत, पुस्तकांची कपाटं नाहीत, त्यांना ह्यातलं काहीच घ्यायची गरज नाही. ओलं फडकं नीट फिरवलं तर लाल सिमेंटची जमीन कुठल्याही यंत्रापेक्षा स्वच्छ होते.

म्हणून कोणी विचारलं की मी सांगते: तारेचं घ्या, पिशवीचं घ्या, खरा हेपा असलेलं घ्या, आणि आईला किंवा तुम्हाला एका हाताने उचलता येईल असं घ्या. बिनतारेचं घ्यायचंच असेल तर बॅटरी हाताने काढता येते का ते दुकानातच काढून बघा. पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा की ह्या मॉडेलची पिशवी, फिल्टर आणि कार्बन किंवा बॅटरी आत्ता कपाटातून काढून काउंटरवर ठेवा आणि प्रत्येकाची किंमत सांगा. त्याने ठेवलं तर यंत्र घ्या. "ऑर्डर करावं लागेल" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. आणि माळ्यावर जुनं यंत्र असेल तर भंगारवाल्याची हाक ऐकून लगेच खाली काढू नका. आधी ते गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या, वायर आणि कार्बन बदलून घ्या, मागच्या तोंडाला चांगला फिल्टर बसतो का ते विचारा. तो नाही म्हणाला तरच ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आमचं युरोक्लीन आता नागपूरला धाकट्या आतेभावाकडे आहे. मागच्या दिवाळीला त्याने इतवारीतून नवे कार्बन आणून बसवले, आणि ते चालू आहे.